आहेराचा हंडा

गेल्या मे महिन्यात, टँकर यायच्या थोडं आधी, माझ्या सहा वर्षांच्या मुलीने रांगेतला आमचा हंडा उचलून शेजारच्या काकूंच्या दारात नेऊन ठेवला.

सूर्यमाळला तेव्हा टँकर दिवसाआड येई. पाणी रस्त्याकडेच्या टाकीत पडे आणि टाकीच्या नळाला रांग लागे. उन्हात माणसं उभी राहत नसत, हंडे राहत. हंडा उचलला की नंबर गेला. आमचा चौथा होता. राखणीला मुलीला बसवून मी घरात बातमी लिहीत होतो. दर दोन ओळींनी उठून दाराशी येत होतो.

काळजी पाण्याची नव्हती. मुलीची पहिली संपली होती. पुस्तक ती घडाघडा म्हणायची. चित्र हाताने झाकलं की गप्प. हिला पाठ आहे, वाचता येत नाही, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं. रोज संध्याकाळी मी पाटी पुढे ठेवायचो. ती पाटी सोडून माझ्या तोंडाकडे बघायची.

पुन्हा दाराशी आलो तेव्हा हंडा जाग्यावर नव्हता. मागचे हंडे पुढे सरकले होते. मुलगी काकूंच्या दारातून येत होती. हंडा कुठे, मी विचारलं.

"तो काकांचा आहे. त्याच्यावर लिहिलंय."

लिहिलं होतं. तो हंडा काकूंच्या यजमानांनी आमच्या लग्नात आहेर दिलेला. रीतीप्रमाणे काठाखाली ठिपक्यांनी त्यांचं नाव घातलं होतं, पुढे 'यांजकडून'. ती नावापर्यंतच पोचली होती.

नंबर परत मागितला. पेपरवाले आहेर परत करतात वाटतं, एक बाई म्हणाली आणि रांग हसली. हंडा रांगेच्या शेवटी लागला.

काकू बाहेर आल्या. त्यांनी रांगेतली एक कळशी, न उचलता, नुसती फिरवली.

"ही कुणाची, सांग."

मुलीने ठिपक्यांवर बोट ठेवलं. वळणावर टँकरचा हॉर्न वाजला. बायका उठल्या. बोट अडलं, मागे गेलं, पुन्हा निघालं. मी नाव सांगणार होतो; काकूंनी हाताने थांबवलं. तिने नाव वाचलं.

"माझीच हाय," मागून एक म्हातारी म्हणाली. "ऱ्हाऊ दे तिथंच."

आमच्या आधी दोन हंडे असताना टाकी संपली. तोवर मुलीने रांगेतली अकरा नावं वाचली होती. दोन चुकली.