बाबांचे पांढरे मोजे

बाबांचे पाय जळायला लागले त्या वर्षी मी तेरा वर्षांची होते. अमरावतीत राजापेठेकडे दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो. बाबा, आई आणि मी. बाबा हायस्कुलात गणित शिकवत. साडेदहाला फळ्यापुढे उभे राहिले की साडेचारलाच बसत. वर्गात खुर्ची असायची, पण बसून गणित शिकवता येत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. हेडमास्तर शिस्तीचे. कोट, टोपी, बूट आणि मोजे घातल्याशिवाय शिक्षकाने वर्गात पाऊल टाकायचं नाही, मग बाहेर वैशाख का पेटलेला असेना. शाळेत बाबा ‘मला-तुला’ बोलत आणि घरात पाऊल टाकलं की ‘मले-तुले’.

घरी आल्यावर ते पहिल्यांदा बूट-मोजे काढत आणि घमेल्यातल्या थंड पाण्यात पाय बुडवून बसत. “निखाऱ्यावर उभं केल्यासारखं वाटते,” म्हणायचे. पोटरीवर मोज्याच्या रबरी पट्ट्याचा वळ उठलेला असे. तो दुसऱ्या दिवशी सकाळीही पुसट दिसायचा.

दोष मोज्यांवर आला. दुसरं कारण आम्हाला सुचलंच नाही. बनावट रेशमाचे चकचकीत मोजे तेव्हा नवीन निघाले होते. शाळेतले तरुण मास्तर ते घालत म्हणून बाबांनीही दोन जोड घेतले होते. मोजे धुण्याचं काम माझ्याकडे होतं आणि मला ते मोजे मुळीच आवडत नसत. ओले झाले की बुळबुळीत होऊन हातातून निसटायचे.

“असले मोजे घातल्यावर पाय जळणार नाही तर काय होईल?” आई म्हणाली. तिने परतवाड्याला आपल्या भावाला कळवलं. तिथल्या बाजारात चिखलदऱ्याच्या थंडीत जाणाऱ्यांसाठी लोकरी मोजे मिळत. मामाने एक जोड पाठवला. बाबांनी तो एक दिवस घातला आणि घरी येऊन गुपचूप घडी करून ट्रंकेत ठेवला. पायांवर लाल पुरळ उठलं होतं.

मग एका रविवारी सकाळी बाबा मला घेऊन मोज्या-बनियनच्या दुकानात गेले. दुकानदार म्हातारे मुसलमान गृहस्थ होते. त्यांचा मुलगा बाबांच्या हाताखाली मॅट्रिक झाला होता, त्यामुळे ते बाबांना फार मान देत. बाबांनी सगळी हकिकत सांगितल्यावर त्यांनी गादीवर चार-पाच प्रकारचे मोजे मांडले आणि मला म्हणाले, “बेटी, हात घाल याच्यात.”

मी हात घातला.

“आता मूठ कर. बोटाले काही टोचते?”

टोचत होतं. पुढच्या टोकाला जाड शिवण होती. त्यांनी मोजा उलटा करून ती दाखवली. “दिवसभर पाय याच्यावर चालते. अन् हे रेशीम चमकते तेवढंच. घाम आला की चिकटते, भिजलं की फाटते. सूत घ्या मास्तरसाहेब. सूत घाम पिऊन घेते. कापूस आपल्याच मातीतला आहे, मग पायाले परका कपडा कायले?”

एकेका मोज्यात हात घालून मी शेवटी एक मऊ, बारीक शिवणीचा सुती मोजा निवडला. वरची पट्टी सैल विणलेली, रबर नाही. बाबांनी तसे तीन जोड घेतले. येताना ते म्हणाले, “आता पाय जळले तर तुले पकडीन हं.”

पाय जळायचे कमी झाले. पावसाळा सरता सरता घमेलं मोरीच्या कोपऱ्यात पालथं पडलं आणि दसऱ्यापर्यंत जळजळ अजिबात थांबली. मी किती मिरवलं! शेजारपाजारी आई सांगत असे, पोरीने निवडलेल्या मोज्यांनी गुण आला. दिवाळीत तिने माझ्या हाती दुकानदारांकडे फराळाचा डबा पाठवला.

डबा घेताना त्यांनी विचारलं, “जळजळ गेली? पूर्ण गेली?”

“हो, काहीच होत नाही आता.”

त्यांचा हात डब्यावर तसाच राहिला. “माझ्या मोठ्या भावाची बी अशीच गेली होती,” ते म्हणाले.  डबा रिकामा करून त्यात त्यांनी मूठभर खारका घातल्या आणि मला परत दिला.

मी घरी हे सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं हेच मला कळलं नव्हतं.

त्याच दिवसांत मोरीत मुंग्या यायला लागल्या. आई रोज उकळतं पाणी ओतायची, दुसऱ्या दिवशी रांग पुन्हा हजर. गुळाचा डबा तर लांब स्वयंपाकघरात होता. बाबांना तहान फार लागायची. शाळेत जाताना ते तांब्याभर पाणी पिऊन निघत आणि आल्यावर दोन तांबे पीत. आई म्हणायची, बोलून बोलून घसा सुकतो. कोट खांद्यावर सैल झाला होता, तेव्हा शिंप्याला बोलावून तो आत घ्यायचा असं ठरलं. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे काही ना काही कारण तयार होतं.

थंडीच्या सुरुवातीला एक दिवस बाबा नेहमीप्रमाणे आले, बूट काढले, चहा मागितला. मी मोजे उचलले. उजवा कोरडा होता. डावा ओला आणि जड लागला. टाचेचा सगळा भाग काळपट लाल झाला होता.

“बाबा, रक्त!”

“कोणाचं?” त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या पायाकडे बोट दाखवलं. त्यांनी पाय उचलून पाहिला. टाचेत भोक पडलं होतं. बूट उपडा केला तेव्हा तळातून एक चूक, म्हणजे बारीक खिळा, वर आलेली दिसली, अर्ध्या पेराएवढी. सकाळपासून ते तिच्यावर उभे होते. घरून शाळेत, शाळेतून घरी तिच्यावरून चालत आले होते.

“मले तर काही समजलंच नाही,” बाबा म्हणाले. ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. आई दारात कप घेऊन उभी होती. तिने तो खाली ठेवला आणि मोरीकडे पाहिलं. मुंग्यांचं आणि या रक्ताचं काही नातं आहे हे तिला त्या क्षणी उमगलं असावं.

दोन दिवसांनी आम्ही बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला गेलो. तिथे एक जुने डॉक्टर होते. त्यांनी बाबांची लघवी एका नळीतल्या निळ्या औषधात घालून दिव्यावर धरली. निळं पाणी हिरवं झालं, मग पिवळं, आणि बघता बघता विटेसारखं लाल होऊन तळाशी बसलं. डॉक्टरांनी नळी बाजूला ठेवली. त्यांनी बाबांना टेबलावर निजवलं, कापसाची बारीक वात केली आणि म्हणाले, “डोळे मिटा. पायाला कापूस लागला की ‘हो’ म्हणायचं.”

बाबांनी डोळे मिटले. डॉक्टरांनी अंगठ्याला वात लावली. मग करंगळीला, तळव्याला, टाचेला, पुन्हा अंगठ्याला. मी मोजत होते. नऊ वेळा झालं. बाबा शांत पडून होते, बोलावण्याची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यासारखे. शेवटी डोळे न उघडताच म्हणाले, “हं, सुरू करा डॉक्टर.”

आईने पदर तोंडाला लावला.

डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावलं. साखरेचा आजार होता, जुना. मोरीतल्या मुंग्या लघवीतल्या साखरेला येत होत्या. जळजळ बरी झाली नव्हती. पायांची जाणीवच मेली होती. भात, गूळ, साखर बंद. विलायती इंजेक्शन मागवता येईल, पण मिळेल तेव्हा मिळेल. मग ते माझ्याकडे वळले, कारण मोजे मी धुते हे बाबांनी सांगितलं होतं.

“मोजे सुतीच ठेव, पण पांढरे. रंग नको. शिवण अजिबात नको, वरून घट्ट नको. रोज धुतलेला जोड. आणि भिजवण्याआधी उलटा करून उजेडात बघायचा. त्यांचा पाय बोलणार नाही आता. डाग दिसला तर तोच त्याचा शब्द. समजलं?”

“समजलं.”

“एक दिवसही थांबायचं नाही.”

शिवण नसलेले मोजे बाजारात मिळेनात. मुलींच्या शाळेत मला चार सुयांवरचं विणकाम शिकवलं होतं. म्हाताऱ्या दुकानदारांनी मऊ पिळाचं पांढरं सूत मागवून दिलं. मी टाच सैल ठेवून, बोटांच्या टोकाशी टाक्यात टाका अडकवून तोंड बंद करायला शिकले. चार जोड उसवले, पाचवा जमला. बाबा तो घालून शाळेत गेले. मुलं हसली म्हणे, काळ्या बुटांत पांढरे मोजे. बाबांनी तेही आम्हाला सांगितलं.

रोज संध्याकाळी मी खिडकीशी उभी राहून मोजे उलटे करायची. ते काम मला नकोसं होत गेलं.  काही दिसलं नाही की एक दिवस मिळाला, एवढंच वाटायचं. टाचेची जखम दोन महिन्यांनी भरली. नंतरचं वर्ष तसंच गेलं.

पुढच्या हिवाळ्यात शिक्षणखात्याची तपासणी येणार होती. बाबा वर्गांची तयारी करून घेण्यात बुडालेले. त्या आठवड्यात एके संध्याकाळी डाव्या मोज्यात, करंगळीच्या जागी, ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळा डाग दिसला. बाबा माझ्याकडेच बघत होते.

“काहून थांबली?”

मी मोजा दाखवला. त्यांनी बोटं फाकवून पाहिली. एक लहानसा फोड फुटला होता.

“आईले नको सांगू,” ते हळू म्हणाले. “परवा तपासणी झाली की मीच सांगतो. दोन दिवसांनी काय होते?”

“पण डॉक्टर म्हणाले होते...”

“मी सांगून राहिलो न तुले.”

ते कधी विनवणी करत नसत. त्या दिवशी त्यांचा आवाज विनवणीचा होता. मी मोजा साबणाने चोळून चोळून धुतला, आईला दिसू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी डाग रुपयाएवढा झाला होता. तिसऱ्या दिवशी मला उलटा करून बघावंच लागलं नाही. बूट काढताच खोलीभर वास आला आणि आई आतून धावत आली.

अकोल्यात डॉक्टरांनी दोन बोटं कापली. आठवड्याने आणखी वर, घोट्यापर्यंत कापावं लागलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी आईला त्या दोन दिवसांचं सांगितलं. 

“त्यायनं नको म्हटलं अन् तू ऐकलं,” ती म्हणाली. “मले सांगितलं असतं तर मीही तपासणी होऊ दिली असती.”

तिने हे माझं मन राखण्यासाठी म्हटलं की खरंच तसं होतं, मला अजून ठरवता येत नाही.

बाबा वाचले. शाळेची नोकरी सुटली. घरीच खुर्चीत बसून ते मॅट्रिकच्या मुलांना शिकवू लागले आणि बसूनही चांगलं शिकवत. उजवा पाय तेवढा सांभाळायचा होता. तीन वर्षं मी सांभाळला. मग माझं लग्न होऊन मी अकोल्याला गेले आणि मोजा बघण्याचं काम आईकडे आलं.

आईच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू वाढत होता. पांढऱ्यावरचं पिवळं तिला दिसत नव्हतं, आणि तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं. उजव्या पायाची जखम चिघळल्याची तार मिळाली त्याच दिवशी मी निघाले. मी पोहोचले तेव्हा बाबा शुद्धीवर नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

वर्षभराने मी आईला माझ्याकडे आणलं. लेकीच्या घरी राहते म्हणून लोकांनी नावं ठेवली. तिच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करवलं. पट्टी सुटली, चष्मा लागला, तेव्हा तिने आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझा हात हातात घेऊन उलटा-सुलटा केला.

“किती काळी पडली तू,” म्हणाली.

मग दोरीवरचा एक पांढरा रुमाल काढून तिने तो उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरून बघितला.