पंख्यांचा रकाना

रविवार, १९ एप्रिल २००९. सकाळी दहा. शारजा औद्योगिक क्षेत्रातलं आमचं गोदाम, माळ्यावरची ऑफिसची खोली.

हजर: जनरल मॅनेजर जॉर्ज. टीमचे कोच. इमारतीच्या मालकाने पाठवलेला सेफ्टी ऑफिसर. इस्माईल, जो आमचा बर्फ सांभाळायचा. आणि मी, टीमची ऑपरेशन्स मॅनेजर, मिनिट्स लिहायला.

मिनिट्स दीड पानाचे झाले. त्यात एक वाक्य खोटं आहे आणि ते माझं आहे. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे. क्रमाने सांगते, कारण मला तशी सवय आहे — आणि क्रम लावला की कुठलीही गोष्ट जरा कमी वाईट दिसते, हेही मला ठाऊक आहे.

२००७ साली तिकडे काहीही शक्य वाटत होतं. तेव्हा वाळवंटात बर्फावरची हॉकी का नाही? जमिनींच्या व्यवहारात वर आलेल्या एका माणसाने गोदाम भाड्याने घेतलं, त्यात बर्फाचं मैदान केलं आणि कॅनडा, फिनलंडहून पगारी खेळाडू आणले. हौशी टीम्स आधीही होत्या. पगारी अशी आमचीच पहिली, असं आम्ही पत्रकात छापलं होतं. मला घेतलं ते याद्यांसाठी. स्टिका, बुटांची पाती, व्हिसा, खेळाडूंचे दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतले फ्लॅट, कुणाला कसली ॲलर्जी — सगळं माझ्या फायलींत. मंडळाच्या गणपतीत बायका मला ‘बर्फवाल्या बाई’ म्हणायच्या. “काय हो, मे महिन्यात एखादी लादी पाठवा की आमच्याकडे!” मी हसायचे. मला आवडायचं ते.

इस्माईल रत्नागिरीचा. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात चौदा वर्षं काढलेली. मच्छीमार बोटींना लाद्या पुरवणारा कारखाना. आमच्याकडे आला तेव्हा मैदान बघून म्हणाला, “एवढा बर्फ आणि मासा एक नाही!” बर्फ घासून त्यावर गरम पाण्याचा पातळ थर देणारी जी मोठी गाडी असते, तिला तो म्हैस म्हणायचा. “म्हशीला फिरवून आणतो.” चारचौघांत मला मॅडम म्हणायचा, आम्ही दोघंच असलो की ताई. हा फरक लक्षात ठेवा.

म्हैस गॅसच्या सिलिंडरवर चालायची आणि धूर सोडायची. बंद गोदामात तो धूर बाहेर काढायला छताजवळ चार मोठे पंखे होते. मी रोजची एक शीट बनवली होती, बारा रकान्यांची. बर्फाची जाडी, पाण्याचं तापमान, आणीबाणीची दारं, असं सगळं. सातवा रकाना ‘पंखे चालू’. इस्माईलला इंग्रजी वाचायचा कंटाळा होता आणि दिवसातून आठ वेळा म्हैस फिरवायची असायची. म्हणून मी एक सोय काढली. महिन्याच्या पहिल्या तारखेला तो तीसच्या तीस शीटांवर एकदम सही करून द्यायचा, आणि खुणा मी बसल्या बसल्या भरायचे. कोऱ्या कागदावर सही घेऊ नये, हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण काम झटपट व्हायचं. “तुम्ही लिहिलंय ना ताई,” तो म्हणायचा, “मग बरोबरच असणार.”

मग मंदी आली. आमच्या लीगमध्ये चार टीम्स होत्या, दिवाळीपर्यंत दोन उरल्या. दर गुरुवारी समोर तीच टीम, खुर्च्यांवर तीच माणसं. टीमचे मालक यायचे बंद झाले. जानेवारीत माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. तो ज्या टॉवरच्या बांधकामावर होता तो बाराव्या मजल्यावर थांबला. मुलाची बारावी तोंडावर. आता घरात नोकरी एकच, माझी — आणि ती एका बर्फाच्या चौकोनावर उभी.

हे कारण म्हणून सांगत नाही. हे त्या वेळी माझ्या डोक्यात होतं, एवढंच.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात जॉर्जने सांगितलं, एप्रिलच्या मध्यावर अबुधाबीहून एक पाहुणे सामना बघायला येणार आहेत. त्यांना आवडलं तर टीम ते घेतील. नाही आवडलं तर खलास. आणि नेमका तेव्हाच बर्फ मऊ पडायला लागला. पंखे आतली हवा बाहेर फेकत, तेवढीच बाहेरची गरम दमट हवा आत यायची. कोच ओरडायचे की हा बर्फ नाही, चिखल आहे.

उपाय मला सुचला. मलाच. जॉर्जने सांगितलं नव्हतं, कोचनेही नाही. मी खाली गेले आणि इस्माईलला म्हटलं, पंखे बंद ठेवा.

तो म्हशीवरून उतरलाच नाही. वरूनच म्हणाला, “आणि हिचा धूर कुठनं जायचा, ताई? माझ्या नाकातनं?”

“दोनच दिवस,” मी म्हटलं.

“आमच्या कारखान्यात अमोनियाचा नुसता वास आला तरी आधी दार उघडायचं, मग बाकी बोलायचं.”

“हा कारखाना नाही, इस्माईलभाई. आणि टीमच राहिली नाही तर म्हैस कुठे फिरवणार?”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग पंख्यांकडे. खाली उतरून खटके बंद केले. मी वर आले आणि डायरीत लिहिलं: ‘२५ मार्च. पंखे बंद ठेवणे — इस्माईलला सांगितले.’ आणि पुढे बरोबरची खूण केली.

दोन दिवसांत बर्फ काचेसारखा झाला. कोच खूश. मग दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. शीटवरचा सातवा रकाना मी रोज भरत होते — ‘पंखे चालू’, बरोबरची खूण. रिकामा कसा ठेवायचा? फाइल कधीही मागितली जाते. इस्माईलला खोकला सुरू झाला होता. मी त्याला गोळ्यांचं पाकीट दिलं आणि म्हटलं, आतबाहेर करून झाला असेल, गरमीतून गारव्यात.  त्याने गोळी तोंडात टाकली आणि म्हशीवर चढला.

१६ एप्रिल, गुरुवार. पाहुणे आले होते, पहिल्या रांगेत बसले होते. दुसऱ्या सत्रात आमचा गोलकीपर मिक्को — फिनलंडचा, शांत स्वभावाचा — गुडघ्यांवर बसला, तोंडावरची जाळी काढली आणि बर्फावर ओकला. मला वाटलं, दुपारचं जेवण बाधलं. मग दुसरा बसला. मग समोरच्या टीमचे दोघं. गोलकीपर सगळा वेळ खाली वाकलेला असतो, आणि तो धूर जड, बर्फालगतच साचून राहतो. हे मला नंतर कळलं. इस्माईलला ते तेव्हाच कळलं. तो धावत गेला, मालाचं मोठं शटर वर ढकललं, चारही पंखे चालू केले आणि मिक्कोला काखेत धरून बाहेर ओढत नेलं. सगळ्यांनी बघितलं. मी कठड्याला धरून उभी होते. काय चाललंय ते मला ठाऊक होतं, आणि मी उभीच होते.

सात जणांना हॉस्पिटलमध्ये नेलं. कुणी दगावलं नाही. मिक्को पंधरा दिवस रात्रंदिवस खोकत होता, मग मायदेशी गेला तो गेलाच.

आणि आता तो रविवार.

सेफ्टी ऑफिसरने माझी फाइल उघडली. तीन आठवड्यांच्या शीट्स. सातव्या रकान्यात रोज ‘पंखे चालू’, खाली रोज इस्माईलची सही. आणि गुरुवारी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तोच माणूस धावत जाऊन पंखे चालू करतो — म्हणजे ते बंद होते. मग ही सही कसली? तो जे बरोबर वागला, त्याचाच त्याच्याविरुद्ध पुरावा झाला. खोलीत हे एका माणसाला कळत नव्हतं, ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं त्याला. सगळं इंग्रजीत होतं. शेवटी जॉर्जने मोडक्या हिंदीत विचारलं, पंखे कोणी बंद केले?

इस्माईल म्हणाला, “सर, मैडम ने बोला था.”

सगळे माझ्याकडे वळले. तोही वळला आणि चारचौघांत पहिल्यांदाच मराठीत, पहिल्यांदाच ताई म्हणून बोलला. “ताई, सांगा ना ह्यांना.”

किती वेळ गेला? फार नाही. माझ्या हातात पेन होतं. बारावी आठवली, थांबलेला टॉवर आठवला. सगळं खरंच आठवलं. पण खरं सांगू? त्याच्याही आधी मनात आलं ते एवढंच, की माझ्या फाइलमध्ये चूक निघता कामा नये. बाकीची कारणं नंतर आली, रांगेत.

मी इंग्रजीत बोलले. त्याच्याशी नाही — जॉर्जशी. म्हटलं, मी असं कधीच सांगितलं नाही, आणि या शीट्स तोच भरतो.

त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण ‘नो’ कुणाला कळत नाही?  तो खुर्चीत मागे टेकला आणि खोकला आवरत बसला. मी मिनिट्समध्ये लिहिलं: ‘ऑपरेशन्स मॅनेजर यांनी अशी कोणतीही सूचना दिली नव्हती.’ स्वच्छ अक्षरात.

त्याच आठवड्यात त्याला काढलं. कारण — निष्काळजीपणा, कागदपत्रांत खोट्या नोंदी. चाव्या, जॅकेट, बूट परत करायला तो माझ्या टेबलाशी आला. मी हँडओव्हरची यादी तयार ठेवली होती आणि सही कुठे करायची तिथे फुली मारली होती. त्याने पेन घेतलं नाही.

“वाचून दाखवा, मॅडम,” तो म्हणाला.

आम्ही दोघंच होतो खोलीत.

मी वाचायला लागले. तो म्हणाला, “मराठीत. एकेक.” मी नऊच्या नऊ ओळी मराठीत वाचल्या. चाव्या, तीन. जॅकेट, एक. बूट, एक जोड. प्रत्येक ओळीनंतर तो वस्तूला बोट लावून बघायचा आणि मान हलवायचा. मग सही केली. दारापर्यंत गेला आणि न वळता म्हणाला, “म्हशीच्या पात्याला तेल लावलंय. हात कापून घेऊ नका.”

टीम त्यानंतर दीड महिना टिकली. अबुधाबीचे पाहुणे परत आले नाहीत. जूनमध्ये बर्फ गोठवणारा चिलर बंद केला. चार दिवसांत बर्फाचं पाणी झालं आणि ते मोऱ्यांतून वाहून गेलं. त्या टीमचा इतिहास लिहायचा म्हटला तर एका पानात मावेल. मला सप्टेंबरात दुसरी नोकरी लागली. मुलाखतीत त्यांनी विचारलं, अपघाताची चौकशी झाली तेव्हा तुमची कागदपत्रं कशी होती? मी म्हटलं, पूर्ण होती. मुलगा बारावी झाला. आज मी नव्या लोकांना सुरक्षेचं प्रशिक्षण देते. पहिल्याच तासाला सांगते, कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. सगळे वहीत लिहून घेतात.

पाचएक वर्षांनी शारजातल्या रोल्ला बाजारात भाजी घेत होते. दुकानातला माणूस रत्नागिरीचा निघाला. सहज विचारल्यासारखं विचारलं, बर्फाच्या कारखान्यात एक इस्माईल होते, ओळखता? दुकानदाराच्या बायकोचा चुलतभाऊच निघाला इस्माईल. म्हणाला, “त्याला कोण ठेवतंय आता कारखान्यात? इथे गॅसमध्ये माणसं मारायला निघालेला ना तो! लेबर कॅम्पातल्या लोकांनी गावभर केलं.” कोथिंबीर निवडता निवडता सांगत होता. कारखान्याच्या मालकाने दोनदा परत पाठवलं, म्हणाला, जो पंखा बंद ठेवून चालू लिहितो त्याच्या हातात अमोनियाचा व्हॉल्व्ह कसा देऊ? आता मेहुण्याच्या जाळ्यांच्या दुकानात बसतो. बंदराचा चढ एका दमात चढवत नाही.

मग त्याने विचारलं, “तुम्ही कशा ओळखता, बाई?”

मी म्हटलं, “ऐकून होते.” मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि घरी आले.

डायऱ्या मी टाकत नाही. २००९ची कपाटात आहे, २५ मार्चचं पान शाबूत. त्या पानाची प्रत आणि चार ओळींचं पत्र त्या कारखान्याच्या मालकाला पाठवायचं — पंखे मी बंद करायला सांगितले, शीट मी भरल्या, सही त्याच्याकडून मी आधी घेतली. रोल्लाहून आले त्याच दिवशी हे काम यादीत लिहिलं. त्या वर्षीच्या डायरीतून पुढच्या वर्षीच्या, तिथून त्याच्या पुढच्या. दर एक जानेवारीला अपुरी कामं नव्या डायरीत उतरवते, तेव्हा हे सगळ्यात वर असतं. पाकीटही आणलेलं आहे. पत्ता लिहिलेला आहे.

आजच्या यादीत अकरा कामं होती. दहांपुढे खूण झाली.