मास्तरच्या गळ्यातली घंटा

हळूबुवांना खरं नाव होतं, पण ते हजेरीच्या कागदापुरतं. कत्तलखान्यात त्यांना सगळे हळूबुवाच म्हणत, कारण मेंढ्यांच्या ट्रकचं मागचं फळकूट धाडकन खाली पडलं की त्यांच्या तोंडून पहिला शब्द तोच निघायचा. "हळू... हळू गं बायांनो..." मेंढ्यांना हळू, ट्रकवाल्याला हळू, शिडी उतरणाऱ्या साहेबांनासुद्धा हळू. घरी बायको धुण्याची बादली घेऊन जिना उतरायला लागली तरी हळू. ती म्हणायची, "अहो, मी मेंढी आहे का?" एकतीस वर्षांत त्यांनी आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता, आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. माणसानं कशाचा अभिमान बाळगावा याला काही नियम नाही.

त्यांचं काम मागच्या आवारातलं. ट्रकमधून मेंढ्या उतरवायच्या, चार कोंडवाड्यांत वाटून ठेवायच्या, पाणी पाजायचं, आणि सकाळी सातचा भोंगा झाला की एकेक कोंडवाडा बोळात सोडायचा. बोळ म्हणजे दोन्ही बाजूंना छातीइतक्या भिंती, वर पत्रा आणि शेवटी एक वळण. वळणापलीकडे पहिलवान उभा असे. मेंढीला विजेच्या चिमट्यानं बेशुद्ध करून सुरी चालवणारा हा माणूस दोन माणसांएवढा होता. त्याच्या डोक्यावरून आकड्यांची साखळी सतत फिरत असायची. एका आकड्याला एक मेंढी. आकडा रिकामा गेला की साहेबांच्या खोलीत लाल दिवा लागायचा, आणि दिवा लागला की साहेब स्वतः खाली यायचे.

मेंढीची गोष्ट अशी, की पुढे कुणी चालताना दिसलं तरच ती चालते. पहिली अडली की साठच्या साठ अडतात. मग पूर्वी करंटची काठी बाहेर निघायची. काठी लागलेली मेंढी धड ओरडतही नाही. अंग आकसून घेते, डोळे फिरवते आणि पुढचीच्या पाठीवर चढते. कुणाचा पाय मोडतो, कुणी खाली गुदमरते. नोकरीच्या पहिल्या वर्षी हे बघून बुवांना जेवण जात नसे. पुढे जायला लागलं, तो भाग वेगळा.

नऊ वर्षांपूर्वी मेंढ्यांच्या एका ट्रकमधून चुकून एक बोकड आला. काळा, कानावर पांढरा ठिपका. उतरला तो इकडेतिकडे न बघता थेट बोळात शिरला, आणि त्याच्यामागे साठ मेंढ्या मुकाट्यानं निघाल्या. बुवा बघतच राहिले. वळणाच्या अलीकडे भिंतीत बोळ धुण्यासाठी ठेवलेलं कमरेएवढं दार होतं. ते उघडून त्यांनी बोकडाला शिंगाला धरून बाहेर ओढलं. मेंढ्या वळण घेऊन पुढे गेल्या. त्या दिवशी काठी खुंटीवरून निघाली नाही.

मग ती रीतच पडली. बोकडाच्या गळ्यात घंटा आली. तो पुढे, कळप मागे. वळण आलं की तो त्या चोरदरवाजातून बाहेर, आणि बाहेर पहिलवानानं कोनाड्यात ठेवलेला पावाचा तुकडा त्याची वाट बघत असायचा. सगळा वर्ग मुकाट मागून येतो म्हणून त्याचं नाव मास्तर पडलं. बळीचा बकरा सगळ्यांनी ऐकलेला असतो. हा बळी पोचवणारा बकरा होता.

बुवा मटण आवडीनं खात. नळी चोखल्याशिवाय पान सोडत नसत. त्यांचं म्हणणं साधं होतं: खायचं तर मारावं लागतं, पण मारायच्या आधी घाबरवायचा हक्क आपल्याला कुणी दिला? हे वाक्य ते नव्या कामगारांना ऐकवत, आणि ते ऐकवताना आपण जरा बरे आहोत असं त्यांना वाटे.

मग मास्तरचा पुढचा डावा पाय दुखायला लागला. खूर आतून सडला होता. औषध झालं, पट्टी झाली, पण चाल मंदावली ती मंदावलीच. साहेबांच्या खोलीत एका दिवशी दोनदा दिवा लागला. साहेब शिडी उतरून आले, बोकडाकडे बघितलं आणि म्हणाले, "उद्या शेवटच्या कोंडवाड्याबरोबर यालाही जाऊ द्या. नवा बोकड बघतो आपण."

"साहेब, मी घरी नेतो त्याला."

"आत आलेलं जनावर पायानं बाहेर जात नाही, बुवा. नियम तुम्हाला मी शिकवू?"

त्या संध्याकाळी बायकोनं ताट वाढलं आणि बुवा नुसतेच बघत बसले. तिनं काय झालं ते विचारून घेतलं. ती स्पष्ट बोलणारी बाई होती, आणि घर कत्तलखान्याच्या भिंतीला लागूनच असल्यामुळे तिकडची प्रत्येक गोष्ट तिला कानानं माहीत होती.

"एका बोकडासाठी घास उतरत नाही, आणि समोर वाढलंय ते काय झाडाला लागलं होतं?"

"तो नऊ वर्षं माझ्याबरोबर काम करतोय गं."

"काम! इतरांना काठीनं मारता येतं, तुम्हा दोघांना केसानं गळा कापता येतो. काम म्हणे."

बुवांना राग यायला हवा होता. आला नाही, कारण तिनं ते भांडणासाठी म्हटलं नव्हतं. त्यांनी ताट बाजूला सारलं. तिनं ते उचललं आणि ती एवढंच म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना विचारून बघा."

डॉक्टरीणबाई म्हणजे रोज सकाळी जनावरं तपासायला येणारी सरकारी बाई. सकाळी साडेसहाला बुवांनी तिला आवारातच गाठलं. ती म्हणाली, "हा खाटकाचा माल नाही, कामाचा प्राणी आहे, असं मी लिहून देते. पण साहेबांची सही लागेल." साहेब शिडीवरच उभे होते. त्यांना सही करायची घाई नव्हती.

"आणि आज मेंढ्या कोण नेणार? हा लंगडा?"

बुवांच्या तोंडून निघून गेलं, "मी नेतो. चारही कोंडवाडे. मास्तर नाही, काठी नाही. दिवा एकदा जरी लागला तर तुमचं म्हणणं खरं. नाही लागला तर सही करा."

पहिलवान आतून हसला. "बुवा, शिंगं कुठून आणणार?"

साहेबांनाही हसू आलं. खेळ म्हणून त्यांना तो आवडला असावा. "ठीक. काठीवाले दोघं बोळाच्या तोंडाशी उभे राहतील. दिवा लागला की ते काम सुरू करतील, आणि शेवटी बकरा."

बुवांनी मास्तरच्या गळ्यातली घंटा सोडली. गाठ लवकर सुटेना. मास्तर त्यांच्या बाहीचं बटण चावत शांत उभा होता. त्याला टाकीच्या नळाशी बांधून बुवा पहिल्या कोंडवाड्याच्या दाराशी गेले. भोंगा झाला.

घंटा वाजवली. मेंढ्यांनी माना वर केल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. बुवा पाठ फिरवून बोळात चालू लागले. मागे वळून बघायचं नाही, हे ते नऊ वर्षं मास्तरकडे बघून शिकले होते. जो वळून बघतो त्याच्यामागे कुणी येत नाही. चार पावलं झाली. मागे काहीच आवाज नाही. मग सवयीनं, अगदी नकळत, ते पुटपुटले, "हळू... हळू गं..."

आणि मागे खुरांचा आवाज सुरू झाला.

वळणाशी त्यांनी चोरदरवाजा ढकलला. तो बोकडाच्या मापाचा. साठीला टेकलेला माणूस हातापायांवर आला आणि रांगत बाहेर निघाला. मागून मेंढ्या वळण घेऊन गेल्या. वर साखळी न अडखळता कुरकुरत राहिली.

दुसरा कोंडवाडा गेला. तिसराही गेला. गुडघे सोलले, पँट फाटली. काठीवाल्यांच्या काठ्या खाली आल्या आणि ते आता बुवांच्याच बाजूनं बघायला लागले. साहेब मात्र हसायचे थांबले होते.

चौथ्या कोंडवाड्यात पुढे एक म्हातारी मेंढी होती, एक कान फाटलेली. ती निघाली, बाकीच्या निघाल्या. बोळाच्या मध्यावर खुरांचा आवाज एकाएकी बंद पडला. बुवांना वळावंच लागलं. वरचा पाइप कुठेतरी गळला होता आणि फरशीवर पाण्याचा एक पट्टा चकाकत होता. बुवा विचारात तो ओलांडून आले होते. मेंढी चकाकत्या पाण्यावर पाय टाकत नाही. तिला तिथे जमीन संपल्यासारखी दिसते. म्हातारी पट्ट्याच्या काठाशी पाय रोवून उभी होती.

"बुवा!" वळणापलीकडून पहिलवान ओरडला. "पाच आकड्यांपुरत्याच मेंढ्या राहिल्यात माझ्याकडे!"

बोळाच्या तोंडाशी काठीचा खटका दाबल्याचा चर्र आवाज आला. मागच्या मेंढ्या थरथरल्या.

"चार!"

बुवांनी अंगातला सदरा काढला आणि पाण्यावर पसरला. उघड्या अंगानं ते म्हातारीसमोर उकिडवे बसले. तिनं त्यांच्याकडे बघितलं. तिला पळायचं नव्हतं, तिला फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं.

"तीन!"

"हळू," बुवा म्हणाले. "काही नाही. ये. हळू."

तिनं सदऱ्यावर एक पाय ठेवला. मग दुसरा. पुढे येऊन तिनं तोंड त्यांच्या खांद्याला लावलं. तिचा श्वास गरम होता. बुवांना वाटलं, इथेच बसून राहावं. पण टाकीशी मास्तर बांधलेला होता, आणि पहिलवान "दोन!" म्हणून ओरडला. बुवा उठले, वळले, चालू लागले. ती मागे आली. दारातून रांगताना तिचे पाय त्यांच्या डोक्याशेजारून पुढे गेलेले त्यांना दिसले.

दिवा लागला नाही.

बाहेर ते भिंतीला टेकून बसले. आदल्या दुपारपासून पोटात काही नव्हतं. पहिलवानानं काम संपल्यावर हात धुतले आणि खाली वाकून कोनाड्यातला पावाचा तुकडा त्यांच्यापुढे धरला. त्यात चेष्टा नव्हती, नुसती सवय होती. बुवांनी तो घेतला आणि खाल्ला. गिळून झाल्यावर त्यांना कळलं की आपण काय खाल्लं. पहिलवानालाही त्याच वेळी कळलं असावं, कारण तो मान खाली घालून आत निघून गेला.

साहेबांनी सही केली, वर खांद्यावर थापही मारली. "कमाल आहे तुमची, बुवा! आता नवा बोकड कशाला हवा? उद्यापासून तुम्हीच. दार मोठं करून घेऊ. आणि ती घंटा इथेच ठेवून जा."

बुवांनी घंटा मास्तरच्या गळ्यात बांधली. गाठ या वेळी एका दमात बसली.

"घंटा त्याची आहे," ते म्हणाले. "उद्या तुम्ही पुढे व्हा साहेब. येतात का मागे बघा."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज सगळ्या आवाराला ऐकू गेला. मास्तर लंगडत, पायानं, फाटकाबाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सातचा भोंगा झाला तेव्हा बुवा घराच्या मागच्या दाराच्या पायरीवर बसले होते. भिंतीपलीकडे कोंडवाड्याचं दार उघडल्याचा आवाज आला, मग आरडाओरडा, मग काठ्यांचा तो चर्र आवाज, एकदा, दोनदा, मग मोजता येईना. पत्र्यावर काहीतरी धडकत होतं. बायको दारात येऊन उभी राहिली.

"जावंसं वाटतंय?"

"गेलो तर फसवतो. नाही गेलो तर त्या मार खातात."

ती त्यांच्याजवळ पायरीवर बसली.

परसात बांधलेला मास्तर भोंगा ऐकून उठला होता. दोर ताणून, लंगडा पाय उचलून, तो भिंतीकडे तोंड करून कामावर निघाल्यासारखा उभा राहिला आणि त्यानं मान हलवली. घंटा वाजली. पलीकडचा गोंधळ एकदम थांबला. मग भिंतीला लागून, अगदी जवळून, मेंढ्या ओरडायला लागल्या. त्या सगळ्या या बाजूला आल्या होत्या.

बुवा धडपडत उठले आणि त्यांनी घंटा मुठीत गच्च धरली. मास्तर मान हलवत राहिला, पण आवाज निघाला नाही. पलीकडचं सगळं संपेपर्यंत ते तसेच उभे होते.