वीस पत्रावळी

चारशे बारा हा आकडा मला अजून पाठ आहे. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत मी ब्रह्मपुरीला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि इंटरनेटवरच्या एका साइटवर माझे चारशे बारा मित्र होते. ती साइट पुढे बंद पडली. आकडा राहिला, कारण मी तो वहीत लिहून ठेवत असे.

आमचं गाव वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात. वडील गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तळ्यात, मासे धरायचे आणि थोडं धान पिकवायचे. ब्रह्मपुरीत मी भाड्याच्या खोलीत राहत होतो. सोबत माझ्याच वर्गातला एक जण होता, नागभीडकडच्या खेड्यातला. स्वयंपाकाची पाळी ठरलेली होती, सकाळी त्याची आणि संध्याकाळी माझी. पहिली दोन वर्षं ती एकदाही चुकली नाही. आम्ही फार बोलायचो असं नाही, पण जेवायला एकत्र बसायचो. वर्गात सत्तर जण होते. त्यांतल्या पाच-सहा जणांना माझं नाव माहीत असावं.

घरी गेलो की आईचा एक प्रश्न ठरलेला.

"दोस्त झाले का रे कोणी?"

"आहेत ना."

"मंग मंडईले आन ना एखाद्याले."

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडार हा नाचगाण्याचा खेळ, रात्री नाटक, आणि घराघरात पाहुणे. ज्या घरी जास्त पाहुणे, त्या घराचं माणसांत वजन जास्त, असं सरळ मोजमाप असतं. गावातला कोणी शिकायला बाहेर गेला असेल तर त्याचे कॉलेजचे मित्र मंडईला येतात. माझ्याकडे दोन वर्षं कोणी आलं नव्हतं. आईला त्याचं वाईट वाटायचं. लोक काय म्हणतील यापेक्षा, मुलाला परक्या गावात कोणी नाही, याचं. तिसरी मंडई ही माझ्या कॉलेजच्या काळातली शेवटची होती.

बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत मी पहिल्यांदा गेलो तो निकाल बघायला. आठ कॉम्प्युटर होते. शेजारच्या मुलाने ती साइट दाखवली, मला खातं उघडून दिलं आणि स्वतःच माझा पहिला मित्र झाला. महिन्याभरात एकशे तीस झाले. दिवसाला अर्धा तास बसायचो, तो दीड झाला, मग साडेतीन. हेही वहीत आहे. मी किती जणांना लिहिलं आणि किती जणांनी उलट लिहिलं, असे दोन रकाने मी पाडले होते. उलट आलेले पाचच्या वर असले की दिवस चांगला जायचा. दोन-तीन असले की जेवण जात नसे. एकदा चारशे बाराचे चारशे अकरा झाले. कोण गेलं हे शोधण्यात माझे दोन दिवस गेले, पूर्ण यादी हाताने उतरवून काढली, तरी सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी एक नवा आला आणि पुन्हा चारशे बारा झाले. पण मी ते दोन दिवस कॉलेजला गेलो नव्हतो.

त्या काळात वीज रोज जायची, दोन-दोन तास. वीज गेली की कॅफेतली पोरं घोळक्याने चहाला जायची. मी जागा जाऊ नये म्हणून बंद पडद्यासमोर बसून राहायचो. कॅफेवाले भाई दारात पेपर वाचत बसलेले असायचे.

"भाऊ, घंटाभर तरी लाइट नाई येत. जा, काही खाऊन या."

"भूक नाई भाई."

"रोजच नाई का?"

एका दुपारी वीज आली, पोरं परत येऊन बसली, आणि मला त्या साइटवर लगेच कोणीतरी लिहिलं, 'लाइट गेली होती यार.' लिहिणारा माझ्यापासून तिसऱ्या खुर्चीवर बसला होता. चहाला जाताना तो माझ्या समोरून गेला होता. मी उत्तर लिहिलं, 'हो ना.' तो दिवस मी चांगल्या दिवसांत मोजला.

खोलीवर संध्याकाळची पाळी माझी. मी सहाऐवजी आठला पोचू लागलो. भात झाकून ठेवलेला असायचा. आधी सोबती म्हणायचा, "का बे, जेवाचं हाय का तुले?" मग म्हणेनासा झाला. माझी पाळीही त्याने स्वतःकडे घेतली, न बोलता. तो साइटवर नव्हता. त्याला त्यात गोडी नव्हती.

मंडई तीन आठवड्यांवर आली तेव्हा मी साइटवर सगळ्यांना आमंत्रण लिहिलं. गाव, रस्ता, काळीपिवळी जीप कुठून मिळते, सगळं नीट लिहिलं. एकसष्ट जणांची उत्तरं आली. त्यांतले अडतीस 'नक्की येऊ' म्हणाले. मी आकड्यांच्या बाबतीत घाईचा माणूस नाही. अडतिसातून पुण्या-मुंबईचे वजा केले, नुसती थट्टा करणारे वजा केले, तेवीस उरले. त्यातून सावधगिरी म्हणून आणखी तीन कमी केले. दिवाळीला घरी गेलो आणि आईला सांगितलं, "वीस जण येतेत."

आईने हातातलं सूप खाली ठेवलं. "वीस?"

"वीस तरी."

वडिलांनी फक्त एक विचारलं. "तोंडानं सांगतलं ना त्याईले?"

मंडईचं सांगणं तोंडानेच असतं. वडील दरवर्षी सायकलने नातेवाइकांच्या गावी जायचे, अंगणात उभं राहून 'मंडईले या' म्हणायचे, तिथं पाणी प्यायचे आणि पुढच्या घरी जायचे. चिठ्ठी, निरोप यावर कोणी येत नाही आणि न आल्याचा रागही कोणी धरत नाही.

"हो, सगळ्याईले सांगतलं," मी म्हणालो. आपण खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलं नाही.

वडिलांनी मरळ मासे आठ दिवस आधीपासून राखले, अंगणातल्या टाक्यात, पाण्यात जिवंत. आईने पळसाच्या पानांच्या वीस पत्रावळी लावल्या आणि वेगळ्या दोरीने बांधून ठेवल्या. नेहमीच्या पाहुण्यांच्या पत्रावळी निराळ्या.

मंडईच्या दिवशी नातेवाईक आले, जेवले आणि दंडार बघायला गेले. आमच्याकडे पाहुण्यांच्या आधी घरची माणसं जेवत नाहीत. माझे वीस यायचे होते म्हणून आई, वडील आणि मी थांबलो. बारा वाजले, दीड वाजला. मी तलावाच्या पाळीवर, बांधावर, जाऊन उभा राहिलो, कारण मोबाइलला रेंज फक्त तिथेच मिळायची आणि रस्ताही तिथूनच दिसायचा. तीन जीपगाड्या आल्या. उतरणारे सगळे दुसऱ्यांच्या घरी गेले. फोनवर एकच संदेश आला. दिवाळीच्या शुभेच्छा होत्या, आणि हा संदेश आणखी सात जणांना पाठवा, असं खाली लिहिलं होतं.

घरी आलो तेव्हा शेजारचा काका अंगणात उभा होता. "का भाऊ, तुमचे कॉलेजवाले ब्रह्मपुरीहून पायी निघाले काय?"

"काळीपिवळी भरल्याशिवाय निघत नाई," वडील म्हणाले. "येतीन."

वडील असं कोणाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांतले नव्हते. मी पुन्हा पाळीवर गेलो.

चारच्या पुढे ऊन उतरलं तेव्हा आईने वीसमधल्या तीन पत्रावळी सोडल्या आणि आम्हा तिघांना वाढलं. सकाळपासून कोणी खाल्लं नव्हतं. मासा चांगला झाला होता. वडील जेवून हात धुवायला उठले, तेव्हा आईने हळू आवाजात विचारलं.

"खरंच आहेत ना रे ते?"

"कोण?"

"तुहे दोस्त."

"आहेत."

"मंग ठीक आहे," ती म्हणाली आणि उरलेलं कालवण शेजारी वाटायला घेऊन गेली.

दोन दिवसांनी ब्रह्मपुरीला परतलो. आधी कॅफेत गेलो. अडतिसांपैकी नऊ जणांनी विचारलं होतं, कशी झाली मंडई. 'सॉरी यार, जमलं नाही' असं चौघांनी. मी साइटवर सगळ्यांनाच दिसेल असं एकच उत्तर लिहिलं, 'मस्त झाली. खूप गर्दी होती.' त्यावर सतरा जणांनी काहीबाही लिहिलं. एका दिवसातला तो माझा सर्वांत मोठा आकडा. वहीत आहे.

खोलीवर गेलो. आईने डब्यात तळलेला मासा दिला होता. सोबत्याने भात टाकला. आम्ही कितीतरी दिवसांनी समोरासमोर बसलो.

"मंडई झाली काय तुमची?" त्याने विचारलं.

"परवा झाली."

तो मासा निवडून खात होता. काटा बाजूला ठेवून म्हणाला, "तुनं मले म्हणतलंच नाई. मी इथंच होतो त्या दिवशी. खोलीवर."

 मी यादी साइटवरून केली होती आणि तो साइटवर नव्हता. हे कारण खरं होतं, पण तोंडाने सांगण्यासारखं नव्हतं.

त्यानंतर मी कॅफे सोडला असं मी लिहिलं तर ते खरं होणार नाही. जात होतो. मार्चच्या परीक्षेत मी एका विषयात राहिलो. सोबती पास झाला, त्याने सामान बांधलं आणि गेला. त्याच्याजवळ फोन नव्हता आणि पत्ता मी विचारला नाही. गावाचं नाव तेवढं माहीत होतं.

पुढच्या दिवाळीला मी वडिलांची सायकल जीपवर टाकून नागभीडला नेली आणि तिथून विचारत विचारत त्याच्या गावी गेलो. घर सापडलं. त्याची आई अंगणात धान वाळवत होती.

"तो हैदराबादले हाय ना, कामावर," ती म्हणाली. "तू खोलीवरचा काय? भात झाकून ठेवाचा तो तुह्यासाठी. सांगे मले."

मी मंडईचं आमंत्रण तिलाच दिलं, तोंडाने. ती म्हणाली, "फोन आला त त्याले सांगतो." मग मला बसवून जेवू घातलं. मी एकटाच जेवलो. ती समोर बसून होती.

घरी आल्यावर आईने विचारलं, यंदा किती जण. मी म्हणालो, एक. पण येईलच असं सांगता येत नाही.

तो आला नाही. आईने एक पत्रावळ वेगळी काढून ठेवली होती, आणि आम्ही चार वाजेपर्यंत थांबलो.