बोकडाचं मूत अडलं तो दिवस

आमच्यात शेळ्या बघायचं काम बायकोचं. मी रानात, ती शेळ्यांत. इतक्या वर्षांत मी शेळीपुढं पाला टाकला असेल तर तो जाता-जाता, चप्पल न काढता.

आषाढात एक शेळी व्याली. दोन करडं झाली, त्यातलं एक मेलेलंच. दुसरं बोकड, काळं, उभंसुद्धा राहीना. बायकोनं ते पदरात घेतलं आणि बोट तोंडात घालून-घालून त्याला चोखायला शिकवलं. पोळ्याच्या आठ दिवस आधी ती गेली. तिनं हातानं वाचवलेलं हे शेवटचं जनावर. पोरानं बाकीच्या शेळ्या विकल्या. मी म्हणालो, हे करडू अन् त्याची आई राहू दे, मी बघतो.

सून म्हणाली, "मामा, जमंल का तुम्हाला?"

"त्यात काय जमायचंय? खातंय, हागतंय, वाढतंय."

मला एवढंच ठाऊक होतं. पारावर कुणी म्हणालं, लवकर खच्ची केलं की बोकड भरतं. मी दीड महिन्याचं असतानाच खच्ची करून आणलं. कुणी म्हणालं, दाणा दे. मी सकाळी मक्याचा भरडा, संध्याकाळी गव्हाचा कोंडा चालू केला, वर ताटातली उरलेली भाकरी. बायको बोकडाला दाणा दिला तर हाताच्या खोबणीत बसेल एवढाच द्यायची. मला तो चिकटपणा वाटायचा. मी घमेल्यानं दिला. चार महिन्यांत बोकड असं चकाकायला लागलं की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. मलाही चढली. तिच्यापेक्षा मला जास्त कळतं, असं वाटायला लागलं.

पौषात लई थंडी पडली. एका सकाळी बघतो तर बोकड मागचे पाय फाकून, पाठीची कमान करून उभं. शेपटी सारखी थरथरत होती. कुंथायचं, ओरडायचं, परत कुंथायचं. मी म्हणालो, पोट धरलंय, दाणा जास्त झाला. ओव्याचं पाणी उकळलं, गोडेतेल घातलं, बाटलीनं पाजलं. दावं धरून अंगणात फिरवलं. ऊन वर आलं तरी तेच. ओरडणं मात्र वाढलं. लेकराच्या ओरडण्यात अन् त्यात काही फरक नव्हता.

सुनेनं पोराला फोन लावला, मग दारात येऊन उभी राहिली. "मामा, ते म्हणत्यात खाटकाला बोलवा. जीव हाय तवर घेऊन जाईल."

"त्याला म्हणावं तू ये अन् मला बी ने खाटकाकडं."

ती आत गेली. ती चुकीचं बोलली नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं.

तेवढ्यात मागल्या आळीची म्हातारी आली. जन्मभर शेळ्या राखलेली, बायकोची जिवाची मैत्रीण. ओरडणं तिच्या घरापर्यंत गेलं होतं.

"काय करूलालाव दाजी?"

"पोट धरलंय. हागंना झालंय."

ती वाकली. बोकडाच्या मागं लेंड्यांचा सडा पडला होता. "मग ह्या काय तुमच्या हायत व्हय?" तिनं बोकडाच्या खालच्या मातीवर हात फिरवला. "माती कोरडी हाय. रातीपासून मुतलंय का?"

मला माहीत नव्हतं. बोकड कधी मुततं, हे बघायचं असतं हेच माहीत नव्हतं.

"मूत अडलंय त्याचं. दाणा किती घालताव?"

मी घमेलं दाखवलं.

"खच्ची केलेल्या बोकडाला घमेलंभर दाणा? तिनं कधी घातला व्हता का? दाजी, तुमी तिचे निस्तं नवरेच राहिलाव. शिकला काय न्हाय." मग तिनं बाटलीचा वास घेतला. "हे काय पाजलंत?"

"ओवा."

तिनं बाटली खाली ठेवली. तिला ठाऊक होतं.

बायकोच्या पोटात दुखायला लागलं तेव्हाही मी ओवाच दिला होता. गॅस झालाय म्हणालो. दुसऱ्या दिवशी सोडा दिला. ती म्हणत होती, हे येगळं दुखतंय, आणि मी म्हणत होतो, तुला येगळं काय दुखणार. तिसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, इतका वेळ का घालवला. हे मी कुणापुढं बोललो नव्हतो. त्या म्हातारीपुढंही बोललो नाही. आत गेलो, टोपी घातली, टमटमवाल्याला हाक मारली.

बेंबळीला जनावरांचा दवाखाना आहे. बोकड माझ्या मांडीवर, म्हातारी समोर. अर्ध्या वाटेत बोकडाचं ओरडणं थांबलं. कुंथणंही थांबलं. त्यानं मान माझ्या गुडघ्यावर टाकली.

"बरं वाटलं बघा त्याला," मी म्हणालो.

"मुतलं का?"

"न्हाय."

"मग कशाचं बरं? आतला मुताचा फुगा फुटला तरी बी दुखायचं थांबतंय. मग रातीत मरतंय." तिनं माझा हात धरून बोकडाच्या पोटाखाली, पार मागं नेला. "दाबू नका. निस्तं बघा, घट्ट लागतंय का?"

चेंडूसारखं घट्ट लागलं.

"मंजी फुटला न्हाय अजून. हात काढू नका."

दवाखाना येईपर्यंत मी हात काढला नाही. प्रत्येक खड्ड्याला वाटायचं, आता हाताखालचं मऊ पडणार. टमटमवाल्याला मी आईवरून शिवी दिली. तो म्हणाला, "आजोबा, रस्ता म्या केलाय का?"

डॉक्टर तरणा होता. त्यानं बोकडाला ढुंगणावर बसवलं, पुढचे पाय मला धरायला लावले. इंद्रिय बाहेर ओढलं. त्याच्या टोकाला गांडुळासारखी बारीक शेपटी असते, हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. "बऱ्याचदा इथंच खडा अडकतो," तो म्हणाला, आणि कात्रीनं ती शेपटी कापली. बोकड उसळलं. डॉक्टरच्या बोटावर रव्यासारखी कच आली. मग चार थेंब. मग काहीच नाही.

"दाण्यानं खडे धरतात, आजोबा. त्यात लवकर खच्ची केलं की नळी बारीकच राहते. आणखी वर खडा असेल तर माझ्या हातात काही नाही. सुई दिलीय. तासभर बघू."

आम्ही लिंबाखाली बसलो. मी बोकडाच्या मागं. लोक येत होते, म्हशी तपासून घेत होते, माझ्याकडं बघून हसत होते. मी नजर हलवली नाही. मनात देवाला काही म्हणालो नाही. तिलाच म्हणालो, मी नालायक आहे, पण ह्याला घेऊन जाऊ नको.

बोकड उठलं. पाय फाकले. थेंब-थेंब लाल पडलं, मग धार लागली, आधी लाल, मग पिवळी. थांबतच नव्हती.

म्हातारी टाळ्या पिटत ओरडली, "मुतलं गं बया, मुतलं!"

सगळा दवाखाना बघायला लागला. मी टोपी काढून तोंड पुसलं. डॉक्टर आला, म्हणाला, "आजोबा, पाणी घ्या."

"त्याला द्या आधी," मी म्हणालो.

दाणा त्या दिवसापासून बंद. कडबा, पाला, बाभळीच्या शेंगा, थंडीत कोमट पाणी. डॉक्टरनं दिलेली पुडी. भरड्यासाठी बोकड ओरडतं, मी ऐकत नाही. ते वाळलंय, चकाकी गेलीय, आता कुणी थांबून बघत नाही. परत अडेल, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलंय. पोरगं अजून म्हणतं, विका.

मी सकाळी उठून खुंट्यापाशी बसतो. त्याचं झाल्याशिवाय चहा पीत नाही. सून दोनदा चहा तापवते. तिसऱ्यांदा आतूनच ओरडते, "मामा, मुतलं का ते?"

"थांब," मी म्हणतो, "गडबड करू नको त्याला."