दरडीची चव

पिंपरीत पहिला मोठा कारखाना उभा राहत होता, तेव्हा मी रावेतला मास्तर होतो. पवनेच्या दरडीपाशी एक परका सायकलवाला रोज दिसायचा. माती जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा. गावानं त्याला वेडा ठरवलं होतं. एकदा मीच विचारलं, माती का चाखता?

“बारीक रेती की चिकणमाती, ते जिभेला कळतं. आणि हा गोट्यांचा थर बघा, गुरुजी. हजारो वर्षांपूर्वी उत्तरेला ऊन कमी पडलं, उन्हाळ्यातही बर्फ वितळेना, डोंगराएवढा साचला. जगाचं पाणी त्यात अडकलं. इथला पाऊस आटला, नदी आपल्याच गोट्यांखाली गाडली गेली.”

“संपलं ना ते हिमयुग?”

“छे हो! ही मधली सुट्टी आहे.” तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी पोरं अंगणात खेळत होती. मधली सुट्टी संपली होती. घंटेची हातोडी मी उचलली, पण हात पुढे जाईना.