आंधळ्या मोराची चादर

बसा, बसा. दिवाणावर ऐसपैस बसा आणि चहा घ्या. चादरीवर सांडला तरी संकोच करू नका. का, ते शेवटी सांगतो.

फजिती कोणाची होत नाही हो? पण पोरीचं स्थळ पाहायला गेलेला बाप अर्ध्या तासात मांत्रिक म्हणून नावारूपाला आला, असं कधी ऐकलंय का? नाही ना? मग ऐका.

सुरुवात झाली दारव्ह्याच्या बाजारात. घरात चादरी विटल्या होत्या. मंदा, म्हणजे आमची गृहलक्ष्मी, म्हणाली, "अजी, आपण दोघं मिळून जाऊ. कापडातलं तुमाले काय समजते?"

मला समजत नाही? अहो, आमची जिंदगी कापसात गेली. रुईचा पुंजका चिमटीत धरून ओढला की धागा आखूड का लांब, हे मी डोळे मिटून सांगतो. मी म्हटलं, "कापूसवाल्याले कापड शिकवून राह्यली का तू?" आणि एकटाच गेलो.

बाजारात चादरवाल्यानं एक घडी माझ्या हातात ठेवली. "काका, नुसता हात फिरवून पाहा. प्युअर कॉटन! मक्खन आहे, मक्खन!"

हात फिरवला. खरंच लोण्यासारखी गुळगुळीत! आता कापूस इतका चकचकीत कधी असतो का? पण हा प्रश्न तेव्हा पडेल तर तो मी कसला! जांभळी चादर, मधोमध समोरासमोर दोन मोठे मोर, आणि वरून दोन साध्या जांभळ्या उशीच्या खोळी. मी ऐटीत घरी आलो.

मंदानं चादर पलंगावर पसरली, वाकून पाहिलं, आणि कपाळाला हात लावला.

"अजी, या उजव्या मोराले डोळाच नाही!"

पाहतो तर खरंच. डाव्या मोराला चांगला टपोरा डोळा, आणि उजव्याचा छापायचाच राहून गेलेला.

"मोर आंधळा," मंदा म्हणाली, "अन् घेणाराई आंधळा!"

मोराचं एक वेळ सोडा. खरी गंमत झोपल्यावर कळली. थंडीत कूस बदलली की चादर चरचर करायची. उन्हाळ्यात तर विचारूच नका. यवतमाळ जिल्ह्याचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. पाठीखाली घामाचं तळं साचायचं, पण ती चादरबाई थेंबभर घाम पिईल तर शपथ! आमची लेक प्राजू एकदा दुपारी तिच्यावर आडवी झाली आणि थोड्या वेळानं फरशीवर सापडली. म्हणाली, "बाबा, ही चादर नाही, घसरगुंडी आहे."

मंदा मात्र मुळावरच घाव घालणारी. म्हणाली, "कापूस पिकवता अन् झोपता प्लास्टिकच्या पन्नीवर!"

लागलं हो मला ते. जेवण गेलं नाही दोन घास.

शेवटी मंदानंच तोड काढली. चादर धुतली, कडक इस्त्री केली, खोळींसकट खोक्यात घातली आणि दिग्रसला एका लग्नात आहेर म्हणून देऊन टाकली. आपल्याकडे आहेरातली चादर कोणी वापरत नाही, पुढच्या लग्नात पाठवतात. पीडा टळली म्हणून मी गुळाचा खडा तोंडात टाकला.

पण तो टोमणा काही डोक्यातून जाईना. तेव्हा कोणीतरी मला परीक्षा शिकवली. कापडाचा एक धागा काढायचा, त्याला काडी लावायची. कापूस असला तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि बोटात चुरगळेल अशी मऊ राख पडते. पॉलिस्टर असलं तर धागा जळता जळता वितळतो, काळा धूर निघतो आणि शेवटी टणक गोळी उरते. बस्! मला जणू तिसरा डोळा फुटला. त्या दिवसापासून खिशात माचीस. पडदे झाले, टॉवेल झाले, माझी धोतरं झाली. मंदाच्या माहेरच्या साडीपाशी पोचलो तेव्हा तिनं लाटणं उचललं, म्हणून ती साडी वाचली.

आता प्राजूचं सांगतो. नोकरीच्या ठिकाणी तिचं एका मुलाशी सूत जुळलं. मंगेश नाव. घरचे पुसदचे, वडील शाळेत विज्ञानाचे सर. पोरीच्या मनातला मुलगा, पण तिची अट एकच, की दोन्ही घरांच्या खुशीनंच लग्न करायचं. मंगेशनं सांगूनच ठेवलं होतं, की आमचे बाबा फार कडक आहेत, एकदा नाही म्हटलं की नाही. ऐन मे महिन्यात आम्ही नवराबायको घर पाहायला पुसदला निघालो, तेव्हा पोरीचा चेहरा पाहवत नव्हता.

"बाबा, तुमच्या पाया पडते," ती म्हणाली, "माचीस घरी ठेवा."

मंदानं भर घातली, "तिथं जाऊन काड्या करू नका, सांगून ठेवतो!"

मी माचीस काढून फळीवर ठेवली. दुसरी बंडीच्या आतल्या खिशात होती, ती कोणी विचारली नाही.

पुसदला स्वागत मोठं छान झालं. सर आणि मंगेश रसासाठी आंबे आणायला गेले होते. मुलाच्या आईनं आम्हाला बैठकीत दिवाणावर बसवलं, धाकट्या जाऊबाई शीलाताई पाणी देऊन गेल्या, आणि दोघी आत स्वयंपाकाला लागल्या.

आणि मी त्या दिवाणावर हात टेकला.

काय चादर होती हो! सायीच्या रंगाची, निळी किनार, मऊ, आणि बाहेर आग ओतत असताना हाताला गार. असं वाटलं, तिथंच पसरावं. पण मन म्हणालं, थांब. एकदा फसलास. ही खरंच कापूस आहे का?

"मंदा, एकच धागा..."

"अजी, गुमान बसा!"

ती खिडकीबाहेर पाहायला वळली. किनारीला एक धागा आपणहून लोंबत होता. मी तो तोडला, काडी ओढली. भुर्रकन पेटला, कागदाचा वास आला, बोटांत मऊ राख उरली. मला इतका आनंद झाला, की मी मोठ्यानं म्हणालो, "शुद्ध! काहीच दोष नाही!"

दारात मुलाची आई उभी. हातात चिवड्याच्या बश्या.

आता तुम्ही त्यांच्या जागी उभे राहून पाहा. आपल्याकडे नजर उतरवायची तर काय करतात? ज्याची नजर लागली त्याच्या कपड्याचा धागा काढतात आणि जाळतात! आणि इथं होणारा व्याही त्यांच्या दिवाणाचा धागा जाळून, राख बोटांवर घेऊन, वर 'शुद्ध' म्हणतोय.

त्या हळूच पुढे आल्या. आवाज एकदम बारीक. "भाऊ, तुमी पाहाता?"

मला वाटलं, कापड पाहता का, म्हणून विचारतायत. मी म्हणालो, "पाहातो नं ताई. धाग्यावरून सगळं समजते."

"मंग माहं एक पाहून द्या नं, भाऊ!"

त्या धावत आत गेल्या आणि एक उशीची खोळ घेऊन आल्या. उशीवरून ओढताना उलटी झालेली, जांभळी. मी धागा काढला, काडी लावली. काळा धूर! नाकाला झोंबणारा वास! धागा गोळा होऊन टणक गोळी झाली.

"अरेरे!" मी म्हणालो. "याच्यात तं लय खोट आहे, ताई. हे घेऊन झोपता तुमी? झोप कशी लागंल? अंगाची आग होत असंल!"

त्या मटकन खाली बसल्या. "होते नं भाऊ! दिवाळीपासून डोळ्याले डोळा नाही. पाठ नुसती जळते, खाज सुटते. डाक्टरच्या गोळ्या खाल्ल्या, काही फरक नाही. तुमी बसल्या जागी कसं सांगतलं?"

"त्यात काय? धागाच बोलते."

मंदा मला कोपरानं ढोसत होती. मी काहून थांबू? कोणीतरी पहिल्यांदा माझ्या ज्ञानाची कदर करत होतं!

"कोनं देल्लं हे तुमाले?" मी विचारलं.

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि ओठ आवळले. "वरची खोली बांधली नं आमी, तवा वास्तुशांतीले शीलानं देल्लं. सगी जाऊ माही!"

"मंग त्याइनंच फसवलं तुमाले. हे घरात ठेवूच नका. काढा बाहेर."

बस. काडी पडली ती अशी.

"शीले!" त्यांनी अशी हाक मारली, की बशीतला चिवडा उडाला. "काहून केलं वं तू असं? काय वाकडं केलतं मी तुहं?"

शीलाताई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "काय झालं, बाई?"

"करणी केली तू माह्यावर! पाव्हण्यानं धागा जाळून दाखवला!"

करणी? हा शब्द माझ्या कानात शिरला, आणि मी ज्या दिवाणावर बसलो होतो तो एकदम तापल्यासारखा वाटला. मी तोंड उघडलं, पण ऐकतं कोण! शीलाताईंच्या डोळ्यांना धारा. "मी करणी केली? मी? थांबा, सगळ्याइच्या समोर पाहू त्या चादरीत काय आहे ते!"

त्या आत गेल्या, पलंगावरची चादर ओढून आणली आणि बैठकीच्या मधोमध फाडकन पसरली.

जांभळी चादर. समोरासमोर दोन मोर. डाव्याला टपोरा डोळा.

उजव्याला नाही.

मंदाला ठसका लागला. मी पाण्याचा पेला उचलला आणि मीच पिऊन टाकला. आमची पीडा दिग्रसवरून फिरत फिरत, आमच्या आधीच पुसदला सोयरीक करून बसली होती!

तेवढ्यात आरडाओरडा ऐकून शेजारच्या काकू दारातून डोकावल्या. काखेत अख्खी गादी. "बाई, ते धागा जाळनारे महाराज हेच का? आमच्या ह्याइचं बी पाहून द्या नं, घोरतात लय."

आणि त्यांच्या मागे आंब्यांची टोपली घेऊन सर उभे. सोबत मंगेश.

सरांनी एकेकाकडे पाहिलं. रडणाऱ्या शीलाताई, गादीवाल्या काकू, आणि हातात माचीस घेतलेला मी. टोपली खाली ठेवली.

"आयुष्यभर मी पोरांना शिकवलं, की करणी-फिरणी सगळं थोतांड आहे," ते म्हणाले. आवाज थंड होता, म्हणून जास्त भीती वाटली. "अन् माह्याच घरात हे धंदे? माफ करा. मांत्रिकाच्या घरची सोयरीक आम्हाला नको."

मंगेशचा चेहरा पांढरा पडला. मला मात्र प्राजूचा चेहरा दिसला, सकाळी निघतानाचा. माझ्या दोन काड्यांपायी लेकीचा संसार पेटायच्या आधीच विझत होता.

मी हात जोडले. "सर, मी मांत्रिक नाही. मी चादर पाहून राह्यलो होतो!"

"म्हणजे?"

"कापूस आहे का पॉलिस्टर, ते! बापा, मी कापसाचा माणूस. त्याच्यापुढं दुसरं काही येतच नाही मले!"

आणि मी तिथंच, घाम पुसत, सगळी परीक्षा सांगितली. सर ऐकत राहिले. मग त्यांनी माझ्या हातातून माचीस घेतली. मला वाटलं, आता हाकलतात. पण सर खाली बसले, दोन्ही चादरींचे एकेक धागे स्वतः काढले, स्वतः जाळले, आणि राख आणि गोळी हातावर घेऊन विज्ञानाचा तास सुरू केला. सुती कापड घाम शोषतं, हवा खेळू देतं. हे शोषत नाही, म्हणून पाठीची आग होते. करणी नाही, घामोळं आहे!

शेजारच्या काकू गादीवर बसून ऐकत होत्या. मुलाच्या आईनं शीलाताईंना जवळ घेतलं, दोघी रडल्या आणि मग हसायला लागल्या. शीलाताई डोळे पुसत म्हणाल्या, "मले बी आहेरातच आलती. घडी मोडेल नव्हती, म्हणून वास्तुशांतीले बाईले देल्ली."

"ज्यानं कोणी ही पहिल्यांदा आहेरात खपवली असेल ना," सर म्हणाले, "तो एक नंबरचा चिकट अन् आंधळा माणूस असला पाहिजे. काय म्हणता?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी मान हलवली.

"खरं आहे सर," मी म्हणालो. "असे बी लोक असतात जगात."

मंदाला पुन्हा ठसका लागला.

रस-पोळी जेवून, सोयरीक पक्की करून आम्ही परतलो. मला वाटलं, वाचलो. पण मंगेशनं फोनवर प्राजूला आंधळ्या मोराचा किस्सा सांगितला, आणि आमची लेक हसता हसता त्याला काय बोलून गेली, हे मला तेव्हा कुठं ठाऊक!

लग्न थाटात झालं. आहेराच्या वेळी भर मांडवात सरांनी माझ्या हातात एक खोकं दिलं आणि व्याह्याच्या हक्कानं म्हणाले, "इवाईबुवा, इथंच उघडा." उघडलं. वरती एक कोरी माचीस. खाली जांभळी चादर, धुतलेली, कडक इस्त्रीची, घडी अशी घातलेली की आंधळा मोर बरोबर माझ्याकडे तोंड करून.

सर माझ्या कानाशी वाकले. "तुम्हाला माहीत असेलच," ते म्हणाले, "करणी उलटते."

मंदानं त्या दिवसापासून निक्षून सांगितलंय, की ही चादर आता कोणाच्या लग्नात जायची नाही, याच घरात राहील आणि दिवाणावरच राहील. म्हणून म्हणतो...

अरे, सांडला का चहा? राहू द्या, राहू द्या, उठू नका. तुम्ही बसलात तो उजवा मोर. तो काही पीत नाही. सगळा चहा घरंगळत माझ्याचकडे येतोय.